नवा स्पार्क प्लग आधी बोटांनी फिरवा

एका श्रोत्याने विचारलंय, "गाडीचे चार स्पार्क प्लग बदलायला गॅरेजवाला भरपूर पैसे सांगतोय. घरी करता येईल का?"

चार सिलिंडरची गाडी असेल आणि प्लग इंजिनाच्या माथ्यावर, हात पोचेल असे असतील, तर येईल. आडव्या बसवलेल्या व्ही-सिक्स इंजिनात मात्र मागचे तीन प्लग बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेले असतात. तिथे मी मुकाट्याने गॅरेजवाल्याचे पैसे देतो.

आपल्यापैकी अनेकांची प्लगशी पहिली ओळख बजाजच्या स्कूटरवर झाली. बंद पडली की स्कूटर तिरकी करायची, प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि परत करकचून आवळायचा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, म्हणून प्लग सारखा काळा व्हायचा. तोच हात मी इथे आल्यावर माझ्या पहिल्या सेकंडहँड गाडीवर चालवला. प्लग वाकडा चढला, मला वाटलं गंजामुळे जड जातोय, म्हणून आणखी जोर लावला. चार प्लगांची मजुरी वाचवायला गेलो आणि सिलिंडर हेडचे आटे घालवून बसलो. नवे आटे बसवून घ्यायला मजुरीच्या कितीतरी पट पैसे गेले. घरी बोलणी बसली ती वेगळीच.

कारण असं, की प्लगाचे आटे पोलादाचे आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पोलाद जिंकतं. म्हणून पहिला नियम: इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडा. गरम हेडमधून प्लग काढताना आटे खरवडून निघू शकतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग एका वेळी एकच सिलिंडर घ्या. कॉइलचा कनेक्टर काढा, बोल्ट काढा, कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढा. प्लग काढण्याआधी त्या खोल भोकात हवा मारा. तिथे बसलेली वाळू प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये जाते. हवा मारताना डोळ्यांना चष्मा लावा.

जुन्या प्लगाचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. ओलसर, तेलकट काळं असेल तर ऑइल आत येतंय. नुसता नवा प्लग घालून ते थांबणार नाही.

नवा प्लग गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचाच घ्या. इरिडियमचा असेल तर त्याला पॉलिश पेपर लावायचाच नाही. मधली तार सुईसारखी बारीक असते. गॅप बघायची तर हलक्या हाताने, उचकटून नाही. आणि प्लग फरशीवर पडला तर तो वापरू नका. चिनी मातीला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

आता मुख्य काम. रबरी फ्युएल होजचा वीतभर तुकडा घ्या, प्लगाच्या वरच्या टोकावर घट्ट खोचा आणि त्याच्यानेच प्लग भोकात सोडा. आधी हलकेच उलटा फिरवा. आटा आट्यात पडला की बोटांना टक् असं जाणवतं. मग सुलटा फिरवा. प्लग वाकडा चढत असेल तर रबर प्लगावरच घसरतं, आट्यांवर जोर येत नाही. पाच-सहा वेढे सहज गेले पाहिजेत. दुसऱ्या वेढ्यालाच अडला तर बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. तोवर रॅचेट हातात घ्यायचंच नाही.

बोटांनी तळाला टेकला की टॉर्क रेंच. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. अ‍ॅल्युमिनियम हेड आणि 14 मिलिमीटरच्या प्लगासाठी एनजीके कंपनी साधारण 18 ते 22 फूट-पाउंड सांगते, तर काही होंडा गाड्यांना 13च पुरतात. चाकाच्या नटाला 80च्या आसपास लागतात, त्यावरून अंदाज करा. चाकांसाठी आणलेला मोठा रेंच इथे नको, लहान घ्या. रेंच नसेलच, तर वॉशरवाला नवा प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश वेढा. बिनवॉशरचा, निमुळत्या बुडाचा असेल तर फक्त एक-सोळांश, म्हणजे घड्याळाच्या काट्याची जेमतेम चार मिनिटं.

आट्यांना अँटी-सीझ लावायचं का? नव्या प्लगांवर मुलामा असतो, बनवणारेच नको म्हणतात. वंगणाने आटे निसरडे होतात आणि रेंच बरोबर आकडा दाखवत असतानाही प्लग जास्त आवळला जातो. कॉइलच्या रबराला आतून थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस मात्र लावा, पुढच्या वेळी ते सहज सुटतं.

कॉइल बसवा, कनेक्टर क्लिक होईपर्यंत दाबा, बॅटरी जोडा, गाडी सुरू करा. इंजिन थरथरलं आणि दिवा लागला तर घाबरू नका. गाडी बंद करून कोड वाचा. पी-0302 आला तर शेवटचा 2 म्हणजे दुसरा सिलिंडर, पी-0304 म्हणजे चौथा. सिलिंडर कुठून मोजायचे ते मॅन्युअलमध्ये असतं. आधी त्याच सिलिंडरचा कनेक्टर बघा. बहुतेक वेळा क्लिक तिथेच राहिलेलं असतं.

पुढच्या शनिवारी बॅटरीबद्दल बोलू. तोवर हे गाणं ऐका.