खुर्चीने गंभीरच का असावे?

खुर्ची ही केवळ बसण्याची वस्तू आहे, हे विधान वाटते तितके निरपवाद नाही. कचेरीत खुर्चीला हात आहेत की नाहीत, तिची पाठ किती उंच आहे, तीवर टॉवेल पसरला आहे काय, यावरून बसणाऱ्याचा अधिकार कळतो. फर्निचर माणसाला विसावा देते, तशीच त्याला त्याची पायरीही दाखवते. म्हणूनच फर्निचरची थट्टा करणाऱ्यांचा खटाटोप निव्वळ चाळा म्हणून झटकून टाकता येत नाही.

इटलीतील मिलान हे या थट्टेचे माहेरघर. १९५७ साली तेथील कास्तिल्योनी बंधूंनी ट्रॅक्टरचे पत्र्याचे आसन पोलादी पट्टीवर बसवून एक स्टूल केले. त्याचे नाव ‘मेझाद्रो’, म्हणजे अर्धेलीने शेत कसणारा. १९६२ साली त्यांनी मोटारीचा पुढचा दिवा उंच दांड्यावर चढवून ‘तोयो’ हा घरगुती दिवा उभारला. शेतातले आसन दिवाणखान्यात आलेले पाहून हसू येते. परंतु ते मुळात दिवसभर बसून राबणाऱ्या शरीरासाठी घडलेले असते. विनोदामागे हा हिशेब होता.

१९८१ साली एत्तोरे सोत्सास यांच्या ‘मेम्फिस’ गटाने मिलानमध्येच पहिले प्रदर्शन भरवले. त्यातील ‘कार्लटन’ हे रंगीबेरंगी कपाट हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसते, तर ‘ताहिती’ हा दिवा लांब चोचीच्या पक्ष्यासारखा. प्रतिष्ठित लाकडाऐवजी त्यांनी वापरले प्लास्टिकचे लॅमिनेट. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो आणि उपाहारगृहाच्या टेबलावर पाहतो, तेच. हलक्या मानलेल्या द्रव्यालाही मान असू शकतो, असा त्यांचा दावा होता.

तथापि हा दावा बाजाराने गिळला, हेही नमूद केले पाहिजे. याच सोत्सास यांनी पेरी किंग यांच्यासह १९६९ साली ऑलिव्हेत्तीसाठी ‘व्हॅलेंटाइन’ हा लालभडक टंकलेखक आखला होता. टंकलेखनाला कचेरीच्या करड्या भिंतींबाहेर काढावे, हा त्यामागील हेतू. गायक डेव्हिड बोवी यांच्या संग्रहातील असा एक टंकलेखक २०१६ साली लिलावात ४५ हजार पौंडांना गेला. कारकुनाचे हत्यार धनिकांचे खेळणे झाले!

मग सामान्यांनी यातून काय घ्यावे? ती वस्तू नव्हे, तर ती घडवणाऱ्याची दृष्टी. ‘हे असेच का?’ हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. जुन्या लुगड्यांतून रंगीत गोधडी शिवणाऱ्या घरांना ही दृष्टी परकी नाही. ती शाळेच्या बाकांपर्यंत आणि कचेरीच्या टेबलांपर्यंत मात्र अद्याप पोहोचावयाची आहे.