लिनक्सच्या आडवाटा : शाळेतल्या जुन्या संगणकांवर शुगर

पाथर्डी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एका बाईंनी विचारलंय : वर्गात जुने संगणक पडून आहेत, पोरांसाठी त्यांवर ‘शुगर’ टाकू का? विषय माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा आहे, की त्यांना ताटकळत ठेवणं मला जमणार नाही.

तळाशी लिनक्स, पण वर ना डेस्कटॉप, ना फोल्डर, असं हे शुगर. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेच्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ यंत्रासाठी ते घडवलं गेलं. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्ये ही योजना नाकारली होती. तरी 2007 मध्ये ती यंत्रं महाराष्ट्रात आली, रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावच्या शाळेत. 433 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि हार्डडिस्कच्या जागी 1 जीबी फ्लॅश, एवढ्यावर सगळा कारभार. शुगरचा बराचसा भाग पायथनमध्ये लिहिलेला, त्यामुळे त्या यंत्रावर ते रेंगाळायचं. आजचा कुठलाही जुना संगणक त्याहून दणकट असतो, म्हणून ती तक्रार आता बाद समजा.

शुगरचा जीव ‘जर्नल’मध्ये आहे. काढलेलं चित्र, लिहिलेल्या चार ओळी, टर्टल आर्टमध्ये ठोकळे जोडून केलेली नक्षी, सगळं तारीखवार तिथे आपोआप जमतं. तिसरीतल्या मुलीला ‘फाईल कुठे ठेवलीस?’ असं विचारायची वेळ येत नाही. त्याहून मला भावते ती दुसरी सोय : चालू असलेल्या बहुतेक कृतींचा (शुगरमध्ये अ‍ॅप्सना हेच नाव आहे) मूळ कोड तिथल्या तिथे उघडून बघता येतो. मुलांना यंत्राच्या पोटात डोकावू देणारी दुसरी एवढी मोकळी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. काही महिन्यांत जर्नल इतकं लांबतं, की नाव न दिलेली नोंद शोधणं कठीण होतं. पायथन 2 मागे पडल्यावर बऱ्याच जुन्या कृती नव्या शुगरवर उघडतच नाहीत. आणि मुख्य म्हणजे, फाईल-फोल्डर न शिकलेलं पोर पुढे हायस्कूलच्या संगणकासमोर बावरतं. शुगरचे चाहते हे मानत नाहीत. मला मात्र हा दोष खरा वाटतो.

विजेचं काय? शुगर दर अक्षराला साठवत नाही. कृती बंद केली किंवा दुसऱ्या पडद्यावर गेलं, की साठवतं. बॅटरी नसलेल्या संगणकावर भारनियमनात गाळण उडते ती इथेच. पोरांना मधूनमधून एफ3 दाबून मुख्य पडद्यावर जायची सवय लावा, तेवढ्याने बरंच काम वाचतं.

पेनड्राइव्हवरून चालणारं ‘शुगर ऑन अ स्टिक’ 2009 पासून मिळतं. ओळख करून घ्यायला ते उत्तम, पण वर्षभर वर्गात त्यावर विसंबू नका. जुन्या पद्धतीने बनवलेल्या स्टिकवर बदलांसाठी राखलेली जागा भरत जाते, फाईल पुसली तरी ती जागा परत मिळत नाही, आणि पूर्ण भरली की स्टिक सुरूच होत नाही. शिवाय ही स्टिक ज्या फेडोरा लिनक्सवर बनते, त्याने 2019 मध्ये 32-बिट यंत्रांची साथ सोडली, त्यामुळे फार जुन्या संगणकावर आजची स्टिक चालणार नाही.

तेव्हा बाई, माझं मत असं : संगणक 64-बिट असतील तर हार्डडिस्कवर डेबियन टाका आणि त्यातच ‘सुक्रोज’ नावाचं पॅकेज बसवा. मग लॉगिनच्या वेळी शुगर किंवा साधा डेस्कटॉप, हवं ते निवडता येतं. चौथीपर्यंत शुगर, पाचवीपासून साधा डेस्कटॉप. नुसतं शुगर ठेवून बाकी सगळं पुसू नका. संगणकांचे मॉडेल नंबर मला कळवा, बसवण्याच्या पायऱ्या लिहून पाठवतो.