केनियातून टांझानियाला: व्हिसा आहे, पण परवाना?

नैरोबीतलं काम ठरल्यापेक्षा लवकर आटोपलं. हाताशी दहा दिवस होते. म्हटलं, झांझिबार शेजारीच आहे, तिथलं दफ्तरही चाळून येऊ. टांझानियाचा पर्यटक ई-व्हिसा आधीच काढला होता. पोहोचले, अभिलेखागारात गेले. टेबलामागच्या बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, 'संशोधन परवाना?' माझ्याकडे नव्हता. दहा दिवस समुद्र बघितला आणि परत आले. चूक पूर्णपणे माझी होती. तुमची शिष्यवृत्ती अशी वाया जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

मूळ मुद्दा

व्हिसा तुम्हाला देशात प्रवेश देतो. कागदपत्रं बघायला किंवा मुलाखती घ्यायला संशोधन परवाना लागतो. आणि दोन्ही गोष्टी देशागणिक वेगळ्या असतात.

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी 'ईटीए', म्हणजे ऑनलाइन प्रवास-मंजुरी, सुरू केली. भारतीय पासपोर्टवर ती लागते. संशोधनाचा परवाना मात्र 'नाकोस्टी' ही संस्था देते आणि परदेशी संशोधकाला त्यासाठी केनियातल्या एखाद्या संस्थेशी संलग्नता दाखवावी लागते. टांझानियात हेच काम 'कॉस्टेक' बघते. पण झांझिबार स्वायत्त असल्याने तिथली संशोधन परवानगी पुन्हा वेगळी! मला नेमकं हेच माहीत नव्हतं.

'ईस्ट आफ्रिका व्हिसा' 100 डॉलरमध्ये 90 दिवसांसाठी मिळतो, म्हणून अनेकजण खूश होतात. तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांना चालतो. टांझानिया त्यात नाही. शिवाय तो पर्यटनासाठी आहे.

परवान्याशिवाय मुलाखती उरकून घेतल्या तर काय बिघडतं, असं वाटू शकतं. बिघडतं. असं साहित्य प्रबंधात वापरताना नैतिकता समितीपुढे उत्तर देता येत नाही आणि ज्यांनी तुमच्याशी बोलायचं धाडस केलं, तेही अडचणीत येऊ शकतात.

पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र

ही लस टाळू नका. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, त्यामुळे विमानाच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते; पासपोर्ट बरोबर न्या. 2016 पासून एकच डोस आयुष्यभर चालतो. केनियातून टांझानियात शिरताना हे पिवळं कार्ड मागतात. भारतात परततानाही ते लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

छोट्या पण कामाच्या गोष्टी

- झांझिबारला परदेशी प्रवाशांसाठी 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथला प्रवास विमा सक्तीचा आहे. तो 44 डॉलरचा आहे. तुमचा भारतातला विमा त्याऐवजी चालत नाही.
- प्लॅस्टिकच्या पिशव्या सामानात ठेवू नका. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी आहे. आईने लाडू कॅरीबॅगमध्ये बांधून दिले असतील तर ते डब्यात काढा.
- पैसे मोबाइलवरून चालतात. केनियात एम-पेसाशिवाय पान हलत नाही. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या. डॉलर नेणार असाल तर नव्या, न फाटलेल्या नोटा न्या.
- स्वाहिली घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. 'सा टाटू' म्हणजे शब्दशः तीन वाजता, पण आपल्या घड्याळात सकाळचे नऊ! मुलाखतीची वेळ ठरवताना कोणतं घड्याळ, ते विचारून घ्या.

मग नियोजन कसं करायचं?

उलटं. आधी स्थानिक संस्थेतल्या प्राध्यापकांना पत्र, मग संलग्नता, मग परवाना, मग त्याला जुळणारा व्हिसा आणि सगळ्यात शेवटी तिकीट. यात काही महिने जातात, म्हणून प्रस्तावाच्या वेळापत्रकात ते महिने आधीच धरा. शुल्क आणि नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या-त्या देशाचं अधिकृत संकेतस्थळ एकदा बघाच.

मी दुसऱ्यांदा झांझिबारला गेले ते परवाना घेऊन. त्याच बाई होत्या. कागद बघून हसल्या आणि अर्ध्या तासात पहिली फाइल माझ्यासमोर आली.