फ्रीजलाही वारा लागतो!

मार्च महिन्यात वाईला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, एक जुनी व्हॅन घेऊन तिची कॅम्पर केली होती. दोन बेड, गॅसची शेगडी, छतावर सोलर पॅनेल आणि सगळ्यांत मिरवण्यासारखी गोष्ट म्हणजे १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज. पहिल्याच ट्रिपला आम्ही मॅरिनेट केलेलं चिकन, कोलंबी, दही, चीज असा जंगी बेत भरून नेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीजचं दार उघडलं आणि चौघांनी एकदम नाकं धरली. चिकन फेकलं, कोलंबी फेकली आणि रात्री हायवेवरच्या ढाब्यावर डाळ-भात खाल्ला.

वास दोन दिवसांत गेला. खरा प्रश्न वेगळाच होता. मे महिन्यात याच गाडीने आजीला वेलंकनीला न्यायचं ठरलं होतं. आमच्या डोंगरीपासून जवळपास दीड हजार किलोमीटर. आणि आजी इन्सुलिन घेते.

डोंगरी म्हणजे मुंबईतली नव्हे हं. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं, उत्तनची बस पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकायचं, की आमचं गाव. मेट्रोच्या कारशेडमुळे हल्ली पेपरात नाव येतं ते हेच. एका बाजूला टेकडी, दुसरीकडे खाडी आणि थोडं पुढे समुद्र. हवा छान, पण एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली गाडी म्हणजे भट्टीच.

आकडे बोलतात

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. गोठलं तर ते वापरायचं नाही, आणि उन्हात तापलं तर त्याच्यावर विसंबता येत नाही. शिजवलेलं अन्न, मासे, दूध यांच्यासाठीही साधा नियम आहे: ५ अंश किंवा त्याहून कमी. ५ ते ६० अंशांमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात.

आमचा फ्रीज नक्की कितीवर आहे हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. डायलवरचे १ ते ५ आकडे म्हणजे तापमान नव्हे, हेही तेव्हाच कळलं! मग भाईंदरहून दोन साधे थर्मामीटर आणले. एक फ्रीजच्या आत, पाण्याने भरलेल्या ग्लासात ठेवला. नुसता हवेत ठेवला तर दार उघडताच आकडा उड्या मारतो. दुसरा थर्मामीटर फ्रीजच्या मागे, वायरला बांधून सोडला. गाडी अंगणात उन्हात उभी केली.

दुपारी तीनला गाडीच्या आत ३६ अंश. फ्रीजमध्ये १३. आणि फ्रीजच्या मागे? चक्क ५२!

थंडी बनत नाही, उष्णता बाहेर जाते

आपल्याला वाटतं फ्रीज थंडी तयार करतो. तसं काही नसतं. फ्रीज हमालासारखं काम करतो. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. कॉम्प्रेसर आतला वायू दाबतो, त्यामुळे तो तापतो. मागच्या नळ्यांमधून जाताना तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो. मग बारीक नळीतून आत जाऊन पुन्हा वायू होतो आणि तसं होताना फ्रीजमधली उष्णता शोषून घेतो. हेच चक्र दिवसभर फिरतं.

आता यातली गोम बघा. मागच्या नळ्या हवेला उष्णता तेव्हाच देऊ शकतात, जेव्हा ती हवा नळ्यांपेक्षा गार असते. तिथलीच हवा ५२ अंशांवर पोचली तर हमालाने ओझं टाकायचं कुठे? कॉम्प्रेसर न थांबता धापा टाकत राहतो, बॅटरी पितो आणि आतलं चिकन मात्र कोमट.

फ्रीजच्या आत किंवा मागे एक स्टिकर असतो. त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एन वर्गाचा फ्रीज ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत आणि टी, म्हणजे ट्रॉपिकल, ४३ पर्यंत. आमचा टी वर्गाचाच होता. पण त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला वाळवंटापेक्षा वाईट हवा दिली होती.

चूक आमच्याच सुतारकामाची. फ्रीजभोवती प्लायवूडचं कपाट इतकं टापटीप बसवलं होतं की बोटही आत जाईना. फोटोत भारी दिसायचं. गरम हवेला मात्र बाहेर पडायला वाटच नव्हती.

आजीची वलांडी

खरं सांगायचं तर ही गोष्ट आम्हाला यूट्यूबने नाही, आजीने समजावली. आजीचं माहेर उत्तनचं. तिकडे समुद्राकाठी वलांड्या उभ्या असतात, बांबूच्या. त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगतात. आजी आमचं कपाट बघायला आली, दाराला हात लावला आणि म्हणाली, ‘‘अरे, बोंबील असे एकावर एक गच्च टाकले तर सुकतील काय? सडतील. वारा मधून गेला पाहिजे.’’

दादा म्हणाला, ‘‘पण आजी, तुझ्या मासळीच्या पेटीत तर बर्फ टाकून झाकण घट्ट बंद करतात ना?’’

‘‘ती बर्फाची पेटी,’’ आजी म्हणाली. ‘‘तिला बाहेरची गरमी आत नको. ह्या तुझ्या डब्याला आतली गरमी बाहेर टाकायचीय. तुम्ही दोघांना सारखंच कोंडलंत.’’

विषय संपला. बर्फाच्या पेटीला चारी बाजूंनी बंद ठेवायचं. फ्रीजचं पोट बंद ठेवायचं, पण पाठ मोकळी सोडायची.

तीन दुरुस्त्या, तीन आकडे

पहिली दुरुस्ती फुकटातली. गरम हवा वर जाते, मग गार हवा खालून आली पाहिजे. कपाटाला तळाशी एक आणि अगदी वर एक अशा दोन खिडक्या कापल्या आणि अॅल्युमिनियमची जाळी बसवली. वरची जाळी छतावरच्या एक्झॉस्टच्या जवळ ठेवली. कापलं ते फक्त प्लायवूड, गाडीचा पत्रा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, त्यामुळे बॉडीला भोक पाडायचं असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या. जाळ्या लागल्यावर दुसऱ्या दुपारी पाठीमागे ४४, आत ९.

दुसरी दुरुस्ती अगरबत्तीने शोधली. खालच्या जाळीपाशी पेटती अगरबत्ती धरली आणि धूर कुठे जातो ते टॉर्च मारून पाहिलं. धूर आत शिरत होता, पण नळ्यांना हात न लावता मागच्या मोकळ्या जागेतून सरळ वर निघून जात होता. हवा आपल्यासारखीच, सोपा रस्ता मिळाला की तोच धरते. मग मागच्या मोकळ्या जागेत अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा तिरका बसवला. आता हवेला नळ्यांना घासूनच वर जावं लागलं. कपाटाच्या बाजूच्या फटी फोमने बुजवल्या, नाहीतर वर गेलेली गरम हवा फिरून पुन्हा खाली येते. पाठीमागे ४१, आत ७.

तिसरी दुरुस्ती म्हणजे कॉम्प्युटरमधला १२० मिलिमीटरचा पंखा. तोही १२ व्होल्टवरच चालतो. वरच्या जाळीपाशी, हवा बाहेर फेकेल अशा दिशेने लावला. दिशा उलटी लावली तर वर जाऊ पाहणाऱ्या गरम हवेशीच भांडण. सोबत तापमानाने चालू-बंद होणारा छोटा स्विच जोडला, म्हणजे रात्री गारव्यात पंखा उगाच फिरत नाही. पाठीमागे ३९, आत ५.

पंखा बॅटरी खाईल, असं मला वाटलं होतं. दादाने कागदावर हिशेब मांडला. ५० वॉटचा कॉम्प्रेसर न थांबता चालला तर दिवसाला १२०० वॉट-अवर, म्हणजे १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची अख्खी बॅटरी. तो निम्मा वेळ थांबू लागला तर ६०० वॉट-अवर वाचतात. पंखा साधारण अडीच वॉटचा, बारा तास चालला तरी ३० वॉट-अवर. ३० घालून ६०० वाचवायचे!

याच हिशेबात अजून एक चोर सापडला: बारीक वायर. १२ व्होल्टला ५० वॉट म्हणजे चार अँपिअरहून जास्त करंट. लांब आणि बारीक वायरमध्ये व्होल्टेज वाटेतच गळतं आणि कॉम्प्रेसर अडखळतो. जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज, दोन्ही घातले. आमच्याकडे खारी हवा, त्यामुळे जोडांवर हिरवट गंज लवकर चढतो. तेही दर महिन्याला पुसायचं ठरलं.

विद्यार्थ्यांनी बनवलेला फ्रीज

परदेशातल्या मोठ्या आरव्हींमध्ये बऱ्याचदा वेगळा फ्रीज असतो, कॉम्प्रेसर नसलेला. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्तझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात आणि चक्र चालतं ते ज्योतीच्या किंवा हीटरच्या उष्णतेवर. हलणारा एकही भाग नाही. पुढे इलेक्ट्रोलक्सने तो बाजारात आणला. आईनस्टाईन आणि लिओ झिलार्ड यांनीही १९२०च्या दशकात हलता भाग नसलेल्या फ्रीजवर काम केलं. बर्लिनमध्ये फ्रीजमधून गळलेल्या विषारी वायूने एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून ते याकडे वळले, असं सांगतात. त्यांना अमेरिकेचं पेटंट १९३० मध्ये मिळालं.

अशा फ्रीजमध्ये द्रव आपल्या वजनाने खाली वाहतो, म्हणून गाडी सपाट जागी उभी असावी लागते. मागच्या हवेवर तर तो आणखी जास्त अवलंबून. गॅसवर चालत असेल तर त्याची जाळी कधीच बुजवू नका, त्यातून जळलेला वायू बाहेर जायचा असतो. आणि त्याच्या आसपास आमच्यासारखी अगरबत्ती अजिबात नको.

आतही वारा हवा

मागची बाजू सुधारली तरी आत आमचा घोळ होताच. फ्रीज गच्च भरायची सवय, वर शेल्फवर पेपर अंथरलेला. थंड हवा जड असते, ती वरून खाली उतरते. पेपरने तिची वाट अडते. पेपर काढला, डब्यांमध्ये दोन बोटांची जागा सोडली. ओले पदार्थ झाकले, कारण किनाऱ्यावरच्या दमट हवेत बर्फाचा थर पटकन चढतो आणि तो थर गोधडीसारखा थंडी अडवतो. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रीज गार करून ठेवायचा आणि सामान आधीच थंड करून भरायचं. गाडी उभी करताना फ्रीजची बाजू पश्चिमेच्या उन्हाकडे नको.

मग वेलंकनी?

गेलो! मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. त्याआधी आजीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फ्रीजवर एकट्यावर विसंबू नका. म्हणून अर्धा साठा फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, थंड करणाऱ्या प्लेटपासून लांब ठेवला आणि उरलेला जाड कापडात गुंडाळून आइस पॅकसोबत थर्मासमध्ये. बर्फाला थेट टेकवायचं नाही. आजीच्या हातात वही दिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती थर्मामीटर बघून आकडा लिहायची. बाकी कोणाला दार उघडू द्यायची नाही!

वाटेत एका दुपारी गाडी पेट्रोल पंपावर तासभर उन्हात अडकली, तेव्हा वहीत ८ लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारून. बाकी पानांवर ४, ५, ६. घरी परतलो तेव्हा इन्सुलिन शाबूत, आजी ठणठणीत.

मागच्या आठवड्यात दादा कपाटाला नवा सनमायका लावायचं म्हणत होता, ‘‘त्या जाळ्या फोटोत बऱ्या दिसत नाहीत.’’ आजीने वही पुढे केली. सनमायका आला, पण जाळ्या जागेवर आहेत.

व्हॅन नाही? मग हे घरच्या फ्रीजसाठी

• फ्रीज भिंतीला चिकटवू नका. किती अंतर सोडायचं ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.
• मागे नळ्या दिसत नसतील तर बाजूला हात लावा. गरम लागला तर नळ्या तिथे आहेत. त्या बाजूला कपाट टेकवू नका.
• फ्रीजवर जाड कव्हर, पोती, वर्तमानपत्रांचे गठ्ठे नकोत.
• प्लग काढून वर्षातून दोनदा मागची धूळ ब्रशने साफ करा.
• दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर बदला.
• आणि एक थर्मामीटर आणाच. डायलवर विश्वास ठेवू नका!