जुनी बोट घेताय? रंग बघू नका, तळ बघा

उजनी जलाशय परिसर : उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की काठावर ओढून ठेवलेल्या बोटी दिसायला लागतात. त्याच दिवसांत गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘बोट विकणे आहे, इंजिन चालू स्थितीत’ असे मेसेज फिरतात. कुणाला चिलापी धरायला बोट हवी असते, कुणाला पलीकडच्या काठावरच्या शेतावर जायला, तर कुणाला भिगवण-कुंभारगाव भागात फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. यातल्या बऱ्याच बोटी कंपनीच्या नसतात. गावातल्या किंवा तालुक्यातल्या वेल्डिंगवाल्याने पत्रा वाकवून, अँगल जोडून बनवलेल्या असतात. अशी बोट स्वस्त पडते, दुरुस्तीही गावातच होते. पण तिचा नकाशा नसतो, आणि किती वजन झेपतं हे कुठं लिहिलेलं नसतं. ते घेणाऱ्यालाच तपासावं लागतं.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ या भागातला माणूस विसरणार नाही. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. म्हणून बोटीचा सौदा हा जुन्या मोटारसायकलच्या सौद्यासारखा समजू नये. मोटारसायकल बंद पडली तर ढकलत आणता येते, पाण्यात ती सोय नाही.

तळ कसा तपासायचा?

विकायच्या आधी दिलेला ताजा रंग हा पहिला इशारा समजा. पत्र्याची बोट बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजते, कारण फळ्यांखाली पाणी साचून राहतं. म्हणून फळ्या उचलायला लावा. छोटी हातोडी घेऊन तळावर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. शंका आली तिथं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. डांबर किंवा एम-सील लावलेल्या जागा मोजा. एक-दोन असतील तर चालतं. ओळीनं असतील तर पत्रा संपत आलाय, त्यावर नवीन वेल्डिंगही धरत नाही.

आणखी एक सोपी युक्ती आहे. बोट काठावर खालून नीट आधार देऊन ठेवा आणि आत चार बोटं पाणी भरा. तासाभरानं बाहेरून बघा. जिथं ओल दिसेल तिथं भोक किंवा चीर आहे.

बोट फायबरची असेल तर नाण्याने टकटक करत जा. आवाज एकदम बदलला तर थर सुटलेत. इंजिन टांगलेली मागची फळी खास बघा. इंजिन हाताने वर-खाली हलवा. फळी लवत असेल तर आतलं प्लायवूड कुजलंय.

इंजिन थंड असतानाच बघा

मालकाने तुम्ही यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा. थंड इंजिन किती हँडलमध्ये सुरू होतं ते बघा. पंपाचं डिझेल इंजिन शेतकऱ्याला नवीन नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा नोझल खराब. पांढरा धूर थांबतच नसेल तर कॉम्प्रेशन गेलंय किंवा आत पाणी जातंय. शाफ्ट हाताने फिरवून वाकडा आहे का ते बघा. शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथं पाणी किती येतंय तेही बघा. थेंब-थेंब चालतं, धार चालत नाही.

मोठं इंजिन टाकलं की बोट पळते का?

घेतल्यावर पहिला विचार येतो तो इंजिन वाढवायचा. इथंच पैसा वाया जातो. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाण्यात १६ फूट लांबी असेल तर ती तासाला साधारण १० किलोमीटरच्या आसपास अडकते. ५ हॉर्सपॉवरच्या जागी १० चं इंजिन बसवलं तरी वेग थोडाच वाढतो. डिझेल मात्र भरपूर जातं, मागचा भाग दबतो आणि लाट मागून आत येते.

वर छप्पर टाकणं आणि बाकडी उंच करणं हेसुद्धा धोक्याचं. छपरात वारा भरतो, उंच बसलेल्या माणसांमुळे बोट डोलते.

पहिला खर्च तरंगण्यावर

पत्र्याची बोट पाण्याने भरली की थेट तळाला जाते. समजा पत्रा, अँगल आणि इंजिन मिळून ४०० किलो लोखंड आहे. पाण्यात लोखंडाचं वजन साधारण आठवा हिस्सा कमी होतं, म्हणजे ३५० किलो उरतं. ते वर धरून ठेवायला किमान ३५० लिटर बंद हवा पाहिजे. २०० लिटरचे दोन प्लास्टिक बॅरल घट्ट झाकण लावून पक्के बांधले, तर भरलेली बोटसुद्धा बुडत नाही, तिला धरून राहता येतं. माणसांसाठी आणखी थोडे कॅन वाढवावेत. २० लिटरचे कॅन दोन्ही बाजूंना, काठाच्या जवळ वर बांधले तर जास्त चांगलं, बोट सरळ राहते. उघडा थर्माकोल वापरू नका, पेट्रोलने तो विरघळतो.

त्यानंतर शाफ्ट, पट्टा आणि फ्लायव्हीलवर जाळी बसवा. साडी, ओढणी, धोतर अडकायला क्षण लागत नाही. दोन वल्ही, नांगर, दोर आणि पाणी उपसायला बादली कायम बोटीत हवी. लाइफ जॅकेट माणसागणिक एक, आणि अंगात घातलेलं. बाकड्याखाली ठेवलेलं जॅकेट कामाचं नाही.

किती माणसं?

२० फुटांपेक्षा लहान बोटीसाठी ढोबळ हिशोब असा : लांबी गुणिले रुंदी फुटात, भागिले १५. १६ बाय ५ ची बोट असेल तर ८० भागिले १५, म्हणजे पाच माणसं, नावाडी धरून. मोटारसायकल चढवली तर किमान दोन माणसं कमी करा. हा हिशोब शांत पाण्याचा आहे. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरलं, वारा सुटला, तर एकट्यानेही निघू नये.

कागद विसरू नका

इंजिन बसवलेली बोट घरी बनवलेली असली तरी कायद्यातून सुटत नाही. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे इंजिनवर चालणाऱ्या बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मासेमारीचा परवाना वेगळा काढावा लागतो. मालकाकडे नोंदणीचे कागद असतील तर नाव बदलून घ्या. नसतील तर नोंदणीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. व्यवहार स्टॅम्प पेपरवर करा आणि त्यात इंजिनचा नंबर लिहून घ्या. कागद नसलेल्या बोटीत भाड्याने माणसं बसवली आणि काही घडलं, तर सगळं बोटमालकाच्या अंगावर येतं.

सौदा ठरवायला जाताना हातोडी, टेप आणि पंपाचं इंजिन कळणारा एक माणूस सोबत न्या. मालक फळ्या उचलू देत नसेल तर तिथून परत फिरा. पुढच्या उन्हाळ्यात पाणी मागं सरकेल तेव्हा बोटी पुन्हा विकायला निघतीलच.