ब्रशला रक्त लागलं?

दोस्तांनो, चूळ भरताना बेसिनमध्ये लाल दिसलं, की तुम्ही काय करता? ती बाजू सोडून बाकीचे दात घासता! तिथेच तर चुकतं.

१९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए यांनी १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. (घरी करायचा नाही हं हा प्रयोग!) तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात बऱ्याही झाल्या. हिरडीच्या कडेला साचलेला जंतूंचा चिकट थर, हाच खरा चोर. मऊ ब्रशने, हलक्या हाताने तो रोज काढा, झोपण्यापूर्वीही. आजीची मशेरी मात्र नको, तिच्यात तंबाखू असते. दोन आठवड्यांनीही रक्त येतच राहिलं, तर आईबाबांसोबत दातांच्या डॉक्टरांकडे जा.