इसब झालेले लेकरू

उन्हाळ्यात माळवदाची माती वाळते. तिला भेगा पडतात. भेगा तशाच राहिल्या तर पावसात घर गळते. म्हणून आपण मिरगाच्या आधी वर पांढरी माती टाकतो. इसब झालेल्या लेकराचे कातडे असेच भेगाळलेले असते. आतला ओलावा निघून जातो. बाहेरची धूळ, घाम, साबण आत शिरतो. मग आग होते, खाज सुटते. खाजवले की कातडे फाटते, पाणी येते, रक्त येते. लेकरू रात्रभर रडते आणि त्याची माय रात्रभर जागते.

लहान बाळाला इसब बहुधा गालावर होते. पुढे ते कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागे होते. पुष्कळदा घरात कोणाला तरी दमा असतो. ते कोणाच्या शापाने होत नाही. नायटा एकाचा दुसऱ्याला लागतो, इसब लागत नाही. तरीही शाळेत अशा मुलाजवळ कोणी बसत नसे, हे आम्ही पाहिले आहे. अंगाच्या आगीपेक्षा ते त्या मुलाला जास्त झोंबत असे.

एका पुडीत इसब घालवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. वय वाढते तसे पुष्कळ लेकरांचे इसब कमी होते. पण तोवर रोजचे सारवण चुकत नाही. ते असे.

अंघोळ कोमट पाण्याने, पाचदहा मिनिटांत उरकावी. दगडाने, काथ्याने घासू नये. कपडे धुण्याचा साबण तर अंगाला लावूच नये. पाणी कोठून आणावे, असे लातूरकडची मंडळी विचारतील. २०१६ साली एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. तेव्हा विचारणे रास्तच आहे. पण या अंघोळीला अर्धी बादली पुरते. मग अंग फडक्याने नुसते टिपावे आणि ओलसर असतानाच पांढरे व्हॅसलीन किंवा खोबरेल हलक्या हाताने लावावे. निजतानाही लावावे. महाग डबीच पाहिजे असे नाही.

नखे बारीक कापावीत. घोंगडी टोचते, म्हणून लेकराला जुन्या सुती लुगड्याच्या वाकळेवर निजवावे. ज्वारीची रास चालू असताना त्याला खळ्यावर नेऊ नये. दूध, अंडी डॉक्टरांना न विचारता तोडू नयेत. आधीच झोप नाही, त्यात पोटालाही कमी, असे होऊ नये.

आता मलमाचे. दुकानातून कोणतेही मलम मागून आणतात. दोन दिवसांत गुण दिसतो, म्हणून महिनोन् महिने लावतात. अशा मलमात बहुधा स्टेरॉइड नावाचे जोरदार औषध असते. फार दिवस लावले तर कातडे पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरवले. मात्र हेच औषध डॉक्टरांनी दिले तर भिऊन टाकून देऊ नये. सांगितले तितके दिवस लावावे. मोठ्या माणसाच्या पहिल्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढावी. तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

पिवळी खपली धरली, पू आला, तर डॉक्टरांकडे जावे. आणि इसबावर एकाएकी बारीक बारीक दुखरे फोड उठले, ताप चढला, तर “देवी आल्या” म्हणून कडुलिंबाचा पाला बांधून घरी बसू नये. हा वेगळा आजार आहे. तो डोळ्याला आणि जिवाला धोका करतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. मोठ्या माणसाच्या ओठावर जे फोड उठतात, त्यांच्यापासूनच तो लेकराला लागतो. म्हणून ओठावर फोड असताना लेकराचा मुका घेऊ नये.

नांदेडकडच्यांना विष्णुपुरीचे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. लातूरलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. दोन्हीकडे कातड्याच्या रोगांचे डॉक्टर असतात. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या मलमांच्या नळ्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. नाव वाचता आले नाही तरी नळी पाहून डॉक्टरांना कळते.